नाव न लिहिता

या प्रवासात तुम्हाला बायकांच्या डब्यात बसायचं आहे. तुम्ही पुरुष असलात तरी तिथंच बसा, कारण जे बघायचं आहे ते त्याच खिडकीतून नीट दिसतं.

मार्च १९७२, गोंदिया जंक्शन. हावडा-मुंबई मार्गावरच्या मोठ्या गाड्यांचे फलाट मागे टाकून तुम्ही छोट्या गाडीपाशी येता. इथून अडीच फुटी रुळांच्या दोन वाटा फुटतात. एक उत्तरेला जाते, बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला. दुसरी दक्षिणेला, सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड करत चांदा फोर्टला. या दोन्ही वाटांनी तुम्हाला जायचं आहे, आणि मधे एकदा मोठ्या गाडीनं मुंबईलाही. आज दक्षिण. गोंदिया अजून जिल्हा झालेला नाही, त्याला १ मे १९९९ उजाडावा लागेल. सध्या हे भंडारा जिल्ह्यातलं भाताच्या गिरण्यांचं आणि विड्यांचं गाव आहे.

गाडी सुटेपर्यंत भिंती बघून घ्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आहे, त्याच्याजवळ सरकारी कुटुंब: नवरा, एक मुलगा, एक मुलगी आणि कुंकू लावलेली हसरी आई. पलीकडे फेब्रुवारीत आलेल्या ‘पाकिझा’चं पोस्टर, त्यावर मीनाकुमारी. डब्यात समोर बसलेली म्हातारी कनवटीचा कट्टा काढून विडी पेटवते, तर कट्ट्याच्या लेबलावर मोर. ती विडी जिनं वळली ती बाई लेबलावर नाही. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, बोटांत दोरा अशी ती या भागात घराघरांत दिसते. पण कागदावर ती कुठंच दिसत नाही. भिंतींवरच्या बायका मात्र दिसतात, आणि त्यातली एकही या डब्यातल्या कुणी काढलेली नाही.

“कोठी जातेस वो बाई?” म्हातारी विचारते.

“वडस्याला.”

ती सरकून जागा देते. खिडकीतून कोळशाची भुकटी येते, आणि सौंदड मागे पडल्यावर मोहाचा वास. पहाटे वेचलेल्या फुलांच्या टोपल्या घेऊन बायका चढतात, उतरतात. अर्जुनीनंतर थोड्याच वेळात वडसा येतं. गावाचं दुसरं नाव देसाईगंज. जिल्हा चंद्रपूर, गडचिरोली वेगळा व्हायला अजून दहा वर्षं आहेत.

तारीख २६ मार्च. रात्र झाली आहे. पोलीस ठाण्यासमोर काही माणसं उभी आहेत. आईबाप नसलेली, भावाजवळ राहणारी, मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी आत आहे. तिचं वय पुढं डॉक्टर चौदा ते सोळाच्या दरम्यान ठरवतील. भावानंच तक्रार दिली होती, म्हणून सगळ्यांना जबाबासाठी बोलावलं होतं. जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवलं. बाहेरच्यांना कळतं की ठाण्यातला दिवा गेला आहे आणि दार आतून बंद आहे. हाका सुरू होतात.

दाराच्या आत मी तुम्हाला नेणार नाही. तुम्ही बाहेर, त्या माणसांमध्ये उभे राहा, हाका मारणाऱ्यांचे चेहरे बघा आणि बंद दार बघा. कुणाला या रात्रीचं चित्र काढायचं असेल तर ते इथून काढता येईल, इथूनच काढायला हवं.

तिचं नाव मी लिहीत नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षं ते नाव कायद्याच्या पुस्तकांत, घोषणांत, पोस्टरांवर, परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत लिहिलं गेलं. तिच्यासाठी झालेल्या आंदोलनातून १९८३ साली जो कायदा बदलला, त्यातच भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं: बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा. म्हणजे तिच्यामुळं पुढच्या सगळ्या मुलींना नाव झाकण्याचा हक्क मिळाला. तो तिला मात्र मिळाला नव्हता. या एका गोष्टीनं मला फार अस्वस्थ केलं आहे, आणि हा सगळा प्रवास त्याच अस्वस्थतेतून निघाला आहे.

आता काळाच्या उड्या लवकर घ्या. १ जून १९७४: चंद्रपूरचं सत्र न्यायालय बलात्काराचा आरोप असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडतं. ऑक्टोबर १९७६: मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांना दोषी ठरवतं, भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या निकालात आहे. सप्टेंबर १९७८: सर्वोच्च न्यायालय त्यांना पुन्हा सोडतं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडली असं सिद्ध होत नाही, म्हणून जे झालं ते तिच्या मर्जीनं झालं, असा त्या निकालाचा रोख.

न्यायालयानं खुणा शोधल्या त्या कातडीवर. पोरकी मुलगी, रात्रीची वेळ, ठाणं, खाकी कपडे, बंद दार हे सगळं त्यांच्यासमोर होतंच. पण ते एका नजरेत, एका चौकटीत कुणी त्यांच्यापुढं मांडलं नाही. शब्दांत ते एकामागून एक येतं आणि सुटं सुटं होतं. चित्रात ते एकदमच येतं. स्त्री-चळवळीला चित्राची गरज का लागली याचं मला सापडलेलं कारण हे आहे.

१९७९च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे कायदा शिकवणारे चौघे सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहितात. पत्र हातोहात देशभर जातं. नागपुरात सीमा साखरे वडस्याच्या मुलीचा प्रश्न उचलून धरतात. आणि तुम्ही परत गोंदियाला येऊन या वेळी मोठ्या गाडीत बसता.

मुंबई, १९८०, फेब्रुवारी संपत आलेला. एका घरातली बाहेरची खोली. फरशीवर वर्तमानपत्रं पसरली आहेत, त्यावर चार्ट पेपर. पोस्टर कलरच्या बाटल्या, कपबशांत कालवलेला रंग, पाण्याचा तांब्या. बलात्कारविरोधी मंच नुकताच जमू लागला आहे. ८ मार्चला मोर्चा आहे, आणि त्या दिवशी दिल्लीत, नागपुरातही बायका रस्त्यावर येणार आहेत. खोलीत वकील आहेत, प्राध्यापक आहेत, कचेरीतून थेट आलेल्या आहेत, एकीच्या कडेवर मूल आहे. चित्रकलेची परीक्षा दिलेली एखादीच. कुणीतरी तुमच्या हातात ब्रश देतं.

“काय काढू?” तुम्ही विचारता.

आणि खोली गप्प होते, कारण हाच अवघड प्रश्न आहे. रडणारी बाई काढली तर ती सिनेमाच्या पोस्टरावर आधीच आहे. फाटलेली साडी काढली तर बघणाऱ्याची नजर जिथं जायची तिथंच जाते. न्यायालयानं अंगावर शोधलं, आपणही अंगच दाखवायचं का? मूठ काढावी तर ती कामगार चळवळीकडून घेतलेली, पुरुषाच्या मनगटाची. वर्तुळाखाली क्रॉस आणि वर्तुळात मूठ हे अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून आलेलं चिन्ह बाहेरच्या मासिकांतून काहींनी पाहिलेलं असतं. पण वडस्याच्या बाजारात ते कुणाला काय सांगणार?

यापूर्वीही बायका अशा फरशीवर बसल्या होत्या. लंडनमध्ये १९०९ साली ‘सफ्रेज अटेलिये’ नावाची बायकांची चित्रशाळा निघाली होती. मताधिकाराची पोस्टरं तिथं ठशांनी छापली जात, कारण ठसा कापणं शिकता येतं, घरी करता येतं आणि स्वस्त पडतं. चळवळीला उत्तम चित्रकार नंतर मिळतो. आधी लागतं ते सगळ्यांना जमेल असं तंत्र. मुंबईच्या खोलीतला चार्ट पेपर आणि पुढं आलेलं स्क्रीन प्रिंटिंग त्याच जातीचं.

त्या काळात जी पोस्टरं देशभर निघाली त्यांतली बरीचशी फाटली, भिजली, रद्दीत गेली. जी उरली ती २००६च्या सुमारास उर्वशी बुटालिया यांच्या ‘झुबान’ प्रकाशनानं संघटनांच्या कपाटांतून, माळ्यांवरून गोळा केली. दीड हजारांच्या आसपास भरली. त्यांतल्या कितीतरींवर ना तारीख, ना काढणारीचं नाव. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामावर एकीनं सही कशाला करायची, ही त्यामागची भावना मोठी होती. पण त्यामुळं आज त्या हातांची नावं सांगता येत नाहीत, हेही खरं. पीडितेचं नाव सगळीकडं आणि चितारणारीचं कुठंच नाही, अशी ही उलटी व्यवस्था होऊन बसली.

कोपऱ्यातली एक जण काली काढते आहे. जीभ बाहेर, हातात शस्त्र, पायाखाली पुरुष. चित्र जोरदार आहे, तुम्हालाही आवडतं. संताप व्यक्त करायला तयार रूप मिळालं की हात भराभर चालतो. पण याच चळवळीत १९८०पासून वावरलेल्या फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी नंतर स्पष्ट लिहिलं की शक्ती आणि कालीची ही चिन्हं वापरताना चळवळ नकळत बहुसंख्यांच्या धर्माची भाषा बोलू लागली, आणि इतर धर्मांतल्या बायका त्या चित्रांत स्वतःला शोधू शकल्या नाहीत. मारहाणीच्या संसारातून बाहेर पडलेल्या, स्वतःची कहाणी १९८४मध्ये छापणाऱ्या या बाईनं ते लिहिलं, म्हणून त्याचं वजन अधिक.

मला त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. ज्या मुलीसाठी ही काली काढली ती आदिवासी होती, पोरकी होती. गोंदियाच्या पूर्वेला, सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथं लाखोंनी गोंड माणसं जमतात. तिथल्या कथेत गुहेत कोंडलेली मुलं आहेत, त्यांना बाहेर काढणारा पारी कुपार लिंगो आहे आणि त्या मुलांची माय झालेली जंगो रायताड आहे. बंद दारामागं अडकलेल्या पोरक्या पोरीसाठी याहून जवळची प्रतिमा कुठली असणार? मुंबईच्या त्या खोलीत ती कुणाला ठाऊक नव्हती. मी त्या बायकांना दोष देत नाही. त्यांनी नोकऱ्या, संसार सांभाळून रात्री जागून रंगवलं, आणि त्यांच्यामुळंच कायदा हलला. पण चित्र दुसऱ्याकरता काढताना त्याच्या भिंतीवर आधी काय आहे हे बघावं लागतं, आणि ते बघायला तेव्हा कुणी गोंदियापर्यंत आलं नाही.

राजस्थानात काही वर्षांनी असं बघितलं गेलं. अजमेर भागातल्या खेड्यांतल्या बायका आणि आरोग्य कार्यकर्त्या मिळून शरीराविषयी चित्रांचं पुस्तक करत होत्या. शिकलेल्यांनी उघडं शरीर काढलं, तर गावातल्या बायकांनी सांगितलं की आमच्याकडं बाई अशी दिसतच नाही, हे चित्र खोटं आहे. मग घागरा-ओढणीतली बाई काढली आणि घागऱ्याचा कागद उचलला की आतलं दिसेल अशी घडी केली. ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक १९८९ साली ‘काली फॉर विमेन’ या प्रकाशनानं काढलं, आणि करणाऱ्या म्हणून पंचाहत्तर बायकांचा हात त्यात होता. हवं तेव्हा उघडावं, हवं तेव्हा झाकावं, आणि ते बाईनं स्वतःच्या बोटांनी. आजवरच्या स्त्रीवादी चित्रांत यापेक्षा नेमका विचार मला सापडलेला नाही.

मोर्चाचा दिवस तुम्ही तुमच्या मनात पुरा करा. बायकांच्या हातांतली ती कागदी पोस्टरं, उन्हात वाळून कडा वळलेली, आणि फुटपाथावर थांबून वाचणारी माणसं. मी तुम्हाला परत गोंदियाला नेतो. उत्तरेची गाडी उभी आहे.

साल तेच, १९८०च्या आसपास. छोटी गाडी बालाघाट मागे टाकून साल-सागाच्या रानात शिरते. नैनपूरला गाडी बदलून मंडला. तिथून पुढं बुरबासपूर नावाचं गाव. एका घराची भिंत नुकतीच लिंपली आहे. छुईचा पांढरा, गेरूचा लाल, पिवळी माती, काजळीचा काळा. एक बाई बोटांनी आणि फडक्यानं भिंतीवर रेघा ओढते आहे: चौकटी, कोन, त्यांच्यात पुन्हा चौकटी. याला तिकडं डिगना म्हणतात. सणाला, लग्नाला काढायचा, पावसानं गेला की पुन्हा काढायचा. शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी उकिडवी बसून आईच्या हाताकडं बघत आहे, आणि मधेच एखादी रेघ तिला ओढू दिली जाते. अशा परधान गोंडांच्या घरात पुरुष बाणा वाजवून गोंड राजांच्या, देवांच्या कथा गातात, त्यांना मान आणि दान मिळतं. बायकांची भिंत मात्र घरकामात मोजली जाते.

ही मुलगी शाळेत जात नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न होईल. पुढं ती नवऱ्याबरोबर भोपाळला जाईल, चित्रकार जनगढ सिंग श्यामच्या वर्तुळात कागदावर आणि कॅनव्हासवर काढायला लागेल. तिचं नाव मी लिहू शकतो, कारण ते तिनं स्वतः चित्राखाली लिहिलं: दुर्गाबाई व्याम.

याच रुळांवरून आता आणखी मागे जायचं आहे. १९०५. गोंदिया ते नैनपूर ही सातपुड्याची छोटी रेल्वे १९०३ साली सुरू झाली, आता ती जबलपूरपर्यंत पोचते आहे. तुमच्या पिशवीत मद्रासचं ‘इंडियन लेडीज मॅगझीन’ आहे. त्यात रुकय्या सखावत हुसेन या पंचविशीतल्या बंगाली मुसलमान बाईची एक गोष्ट छापून आली आहे, ‘सुलतानाज ड्रीम’. त्या गोष्टीच्या देशात पुरुष मर्दान्यात बंद असतात आणि बायका राज्य चालवतात. त्यांच्या विद्यापीठातल्या बायका आकाशातून पाणी उतरवून घेतात, सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात आणि शत्रूलाही पळवून लावतात. रस्त्यांवर गर्दी नाही, कारण प्रवास हवेतून. डब्यातल्या मंद उजेडात तुम्ही ती वाचता. बाहेर अंधारात त्याच गावांच्या भिंती जात असतात, त्यांवर त्याच रेघा, पण गोष्ट आणि भिंत एकमेकींना अजून शंभर वर्षं भेटणार नाहीत.

२००५. मद्रासचं नाव आता चेन्नई. तिथल्या ‘तारा बुक्स’नं ही गोष्ट पुन्हा छापली आहे आणि चित्रं दुर्गाबाईंची. पुस्तक हातात घ्या, सावकाश उलटा. शास्त्रज्ञ बायका, हवाई गाडी, मर्दान्यातले पुरुष. प्रत्येक आकाराचं पोट बारीक खुणांनी, रेघांनी भरलेलं. गोंड चित्रकारांत या भरणीवरूनच कुणाचा हात ते ओळखतात. शाळा न पाहिलेल्या बाईनं विद्यापीठातल्या बायका चितारल्या. घरात कोंडलेल्या बाईनं इंग्रजीत लिहिलेलं स्वप्न जंगलातल्या बाईनं स्वतःच्या आईच्या रेघेत आणलं. यात मुठी नाहीत, साखळदंड नाहीत, कुणी रडत नाही. १९८०च्या पोस्टरांत राग होता आणि तो लागतच होता. पण बाईला स्वतःच्या राज्यात मजेत कसं राहायला आवडेल हे काढायला तेव्हा कुणाला फुरसत मिळाली नव्हती. राजकीय चित्रात आनंदालाही जागा असते हे मला या पुस्तकानं शिकवलं.

आणि लगेच पुढच्या वर्षी, २९ सप्टेंबर २००६ला, तुम्ही पुन्हा आमच्या भागात आहात. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. गोंदियाला अगदी शेजारी. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावकऱ्यांच्या जमावानं मारले. त्या मृतदेहांचे फोटो पोस्टरांवर लागले, इंटरनेटवर फिरले. बातमी दडपली जात होती, म्हणून ते लावावे लागले असं लावणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि त्या फोटोंनी नागपूरपासून अमरावतीपर्यंत माणसं रस्त्यावर आणली. मी त्यांच्याशी वाद घालू शकत नाही. तरीही ती आई आणि ती मुलगी जिवंत असत्या तर त्यांनी स्वतःला असं दाखवू दिलं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

२०११ साली ‘भीमायन’ येतं. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरची ही चित्रकथा दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी काढली, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. चित्रकथेला लागणाऱ्या चौकटी दोघांनी नाकारल्या. माणसं खोक्यांत कोंडायची नाहीत, मोकळी सोडायची, असं त्यांचं म्हणणं. पानं डिगन्याच्या नागमोडी पट्ट्यांनी विभागली गेली. बुरबासपूरच्या भिंतीवर जे घरकामात मोजलं जात होतं ते इथं पानाची रचना झालं. माणसाचं बोलणं गोड असेल तर बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी असेल तर त्याला विंचवाची नांगी. आगगाडी सापासारखी वळते. तहानलेल्या लहानग्या भीमाच्या गोष्टीत पाणी सगळीकडं आहे. आणि याच पुस्तकात खैरलांजीही येते. ती आजची गोष्ट आहे हे सांगण्यासाठी येते, कुणाचं शरीर न मांडता. फोटोला जे जमलं नाही ते रेघेला जमतं: जे झालं ते पूर्ण सांगणं, आणि तरी ज्याच्यावर झालं त्याची लाज पुन्हा चव्हाट्यावर न आणणं.

कायद्याला आणखी दोन वर्षं लागली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर, २०१३च्या दुरुस्तीत लिहिलं गेलं की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. वडस्याच्या त्या रात्रीला तोवर एक्केचाळीस वर्षं झाली होती. त्याच हिवाळ्यात फोनवर चित्रांचा पूर आला. ज्या मुलींनी कधी मोर्चा पाहिला नव्हता त्यांनी बोटानं पडद्यावर काढून पाठवलं. त्यांतलं बरंच आज सगळीकडं एकसारखं झालं आहे: नाक-डोळे नसलेला गोल चेहरा, केसांत फूल, मागं एक फिकट रंग. साबणाच्या जाहिरातीतही तीच बाई येते. चेहरा झाकणं हे एका मुलीच्या संरक्षणासाठी होतं. जिला लपायचं नाही तिचाही चेहरा पुसून टाकायची आता सवय लागली आहे, आणि ही सवय मला धोक्याची वाटते. विडी वळणारीला चेहरा आहे, रोवणीत गुडघाभर चिखलात वाकलेलीला आहे, तेंदूच्या फळीवर पुडे मोजून देणारीला आहे. तो आपला आपण काढायची वेळ आली आहे.

२०२२ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

आज. तुम्ही पुन्हा गोंदियाहून दक्षिणेच्या गाडीत आहात. रूळ आता मोठे झाले आहेत. समोरच्या बाकावर अर्जुनीची एक मुलगी बसली आहे, कॉलेजची बॅग मांडीवर, फोनवर बोटानं काहीतरी काढते आहे. तुम्ही बघताय हे कळल्यावर ती लपवत नाही, फोन तुमच्याकडं वळवते. चित्रात रात्र आहे, एक बंद दार आहे, दाराबाहेर माणसं आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. म्हातारी आहे, तिच्या हातात विडी आहे. दाराच्या फटीतून पिवळ्या मातीच्या रेघा बाहेर येऊन पूर्ण अंगण भरून गेल्या आहेत. ती मुलगी वडस्याचं प्रकरण कॉलेजात शिकली आहे.

“ताई, दाराच्या आत काई नाई काढलो मी,” ती सांगते.

“बरं केलंस.”

“तिचं नाव लिवू का खाली? सरांनी सांगतलं होतं.”

तुम्ही तिला सांगता, नाही लिहायचं; ओळख उघड न करण्याचं बंधन आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आलं आहे आणि नसतं आलं तरी नाही. ती थोडा वेळ विचार करते.

“मंग माझं?”

“तुझं लिही.”

ती नाव लिहिते, त्याखाली गावाचं नाव लिहिते. मग वही काढून ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर हेच मोठं काढायला किती छुई आणि किती गेरू लागेल त्याचा हिशेब मांडते, आणि सरपंचाबाईंना आधी विचारायचं की आधी काढून मग दाखवायचं यावर तुमचं मत विचारते.